सोनेगावचं एअरपोर्ट: रात्रीच्या डाकेपासून मिहानपर्यंत (आठवणी, माहिती, भांडणं सगळं चालेल)

सोनेगावकर

राजेहो, नागपूरच्या, म्हणजे आपल्या सोनेगावच्या एअरपोर्टचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी मिहान (एअरपोर्टला लागून काढलेला कार्गो हबचा प्रकल्प), टेंडर, दुसरी धावपट्टी इथं येऊन अडकते आणि मग एकमेकांना पक्षावरून शिव्या देणं सुरू. म्हणून वेगळा धागा काढून राहिलो. माझं म्हणणं असं आहे की हे एअरपोर्ट देशात सगळ्यात जास्त कामाचं कधी होतं, तर आता नाही, मिहानचे बोर्ड लागले तेव्हाही नाही, ते होतं १९४९ ते १९७३ मध्ये, आणि तेही रात्री १२ नंतर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सची विमानं इथं थांबत, पुढं जात. स्वातंत्र्यानंतर तळ भारत सरकारकडे आला. ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई डाक सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून एकेक विमान डाकेच्या थैल्या घेऊन निघायचं, चारही सोनेगावला उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपल्या गावी परत. म्हणजे मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. आपल्या इथल्या कुरियरला आजही ते जमेलच असं सांगता येत नाही.

नकाशा काढून बघा, चारही शहरं नागपूरपासून साधारण सातशे ते हजार किलोमीटरच्या आत पडतात. तेव्हाचं डाकोटा विमान ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरनं जायचं, म्हणजे तीन-साडेतीन तास, फार तर चार. रात्री नऊ-दहाला निघा, एक-दीडला नागपूर, तासाभरात थैल्या बदला, पाच-सहाला घरी. हे गणित दुसऱ्या कोणत्याच गावात बसत नव्हतं. भोपाळ मद्रासला लांब पडतं, हैदराबाद दिल्लीला लांब पडतं.

तर ज्याच्याकडे जी माहिती असेल ती टाका. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून टाकली तर अजून चांगलं.

तर्रीबाज

भाऊ मस्त धागा. पण चार विमानं एकाच वेळी रात्री उतरायची म्हणजे तेव्हा ट्रॅफिक जाम होत असंल काय? आता तर दोन फ्लाईट एकदम आल्या तरी बेल्टवर बॅगची वाट पाहून पाहून माणूस म्हातारा होते.

टपालकाका

मी आरएमएसमध्ये (रेल्वे मेल सर्व्हिस, टपाल खात्याचाच भाग) होतो, साठच्या दशकाच्या शेवटी लागलो, त्यामुळे या सेवेची शेवटची काही वर्षं मी पाहिली आहेत. सोनेगावकर, तुम्ही लिहिलं ते बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली आणि ती सगळ्यात महत्त्वाची. या पत्रांना जादा पैसे लागत नव्हते. आधी हवाई डाकेनं पत्र पाठवायचं तर वेगळा आकार द्यावा लागे, १९४९ मध्ये सरकारनं धोरण केलं की देशातली साधी पत्रंसुद्धा, विमानानं लवकर पोचत असतील तर विमानानंच जातील, जादा आकार नाही. एवढी पत्रं एकदम हवेत गेली म्हणून तर रोजची चार विमानं भरायची. नुसती श्रीमंतांची डाक असती तर कशाला कोण चालवतं.

काम कसं चालायचं ते सांगतो. थैल्या आधीच त्या त्या शहराच्या नावानं बांधून यायच्या. नागपूरला थैली फोडायची नाही, फक्त या विमानातून त्या विमानात. ज्या थैल्या नागपूरच्या किंवा आसपासच्या, त्या तेवढ्या खाली उतरवून गाडीनं स्टेशनकडे. मद्रासचं विमान उशिरा आलं की बाकीचे तिघंही अडकायचे, आणि मग सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी. पावसाळ्यात हे व्हायचंच. पायलट लोकांना जेवण इथंच, रेस्टॉरंट रात्री उघडं असायचं, अख्खं नागपूर झोपलेलं असताना तिथं लाईट.

आणि विमानात नुसती डाक नव्हती बरं का. पॅसेंजरही घेत. दिल्लीहून मद्रासला जाणारा माणूस मध्यरात्री सोनेगावला उतरून चहा पिऊन दुसऱ्या विमानात बसायचा.

पुण्यात_अडकलेला

काका काय सांगता! म्हणजे आज दुबईला लोक विमान बदलतात तसं तेव्हा नागपूरला बदलायचे 😀

ही सेवा कोणाची होती, इंडियन एअरलाइन्सची का?

सोनेगावकर

सुरुवातीला नाही. १९४९ मध्ये इंडियन एअरलाइन्स जन्मालाच यायची होती. तेव्हा खाजगी कंपन्या होत्या, हिमालयन एव्हिएशन होती, नंतर हैदराबादची डेक्कन एअरवेज आली, मग १९५३ मध्ये सगळ्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ऑगस्टपासून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरहून उड्डाण करताना डाकेचं एक डाकोटा कोसळलं, त्यात बरीच माणसं गेली. पण दुसऱ्या रात्री परत विमानं आलीच.

वर्धा_रोडवाला

धागा चांगला आहे पण तुम्ही सगळे डाकेतच रमले. मला वाटतं नागपूरच्या एअरपोर्टला खरा फटका बसला तो १९५६ ला. तोपर्यंत हे मध्य प्रदेशच्या राजधानीचं विमानतळ होतं भाऊ. मंत्री, सेक्रेटरी, हायकोर्ट, सगळं इथं. राज्य पुनर्रचना झाली, राजधानी गेली भोपाळला आणि आपण गेलो मुंबईला जोडून. त्याच्या बदल्यात नागपूर करारात काय मिळालं तर वर्षातून एक अधिवेशन. मग डिसेंबरात अधिवेशन आलं की मुंबईची फ्लाईट फुल, आमदारांचे पीए तिकिटांसाठी फोन करून राहिले, आणि अधिवेशन संपलं की सोनेगाव परत आपलं शांत.

बाकीचे अकरा महिने कोण येणार? कोळसा, पेपर मिल, संत्र्याचे व्यापारी, वकील आणि मुंबईला ट्रीटमेंटला जाणारे पेशंट. एवढ्यावर किती विमानं चालतील.

सोनेगावकर

दादा, राजधानी गेल्याचं दुःख मान्य, पण राजधानी गेल्यावरही सतरा वर्षं रात्रीची विमानं येतच होती ना. म्हणजे विमानं नागपुरात काम होतं म्हणून येत नव्हती, नागपूर मध्ये आहे म्हणून येत होती. हाच तर माझा मुद्दा आहे.

प्रज्ञा_इंदोरा

इथं एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. विमानतळाला बाबासाहेबांचं नाव २००५ मध्ये दिलं, तेव्हा काही लोक विचारत होते की विमानतळाचा आणि बाबासाहेबांचा काय संबंध. संबंध आहे. ११ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब दिल्लीहून विमानानंच नागपूरला आले, मग सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले, आणि १४ तारखेला दीक्षाभूमीवर लाखो लोकांसमोर धम्मदीक्षा झाली. म्हणजे त्या सगळ्या इतिहासाची नागपुरातली पहिली पायरी सोनेगावची आहे.

आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला दिल्लीत परिनिर्वाण झालं, त्या रात्री पार्थिव मुंबईला नेणारं विमान वाटेत सोनेगावला थांबलं होतं. आमच्या घरचे तेव्हा गेले होते. बस नाही, रिक्षा नाही, इंदोऱ्याहून चालत, रात्रीच्या थंडीत, माझी आजी आमच्या मोठ्या मामांना कडेवर घेऊन. ती सांगायची की माणसं किती होती ते दिसतच नव्हतं, फक्त रडण्याचा आवाज येत होता. तिनं आयुष्यात विमान जवळून पाहिलं ते तेवढं एकदाच.

त्यामुळे आजही कोणी "सोनेगाव एअरपोर्ट" म्हटलं तर मला राग येत नाही, गावाचं नावही आपलंच आहे, पण नाव का दिलं असं विचारलं तर मी हे सांगते.

टपालकाका

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या ऑफिसातले जुने लोक त्या रात्रीबद्दल बोलायचे. वर्धा रोडनं माणसंच माणसं होती म्हणे.

पुण्यात_अडकलेला

प्रज्ञाताई, नमस्कार. हे माहीत नव्हतं.

जरा विषय बदलतो. लहानपणी धावपट्टीच्या बाजूला एक मोठं विमान उभं दिसायचं, कधीच न उडणारं. आम्ही पोट्टे म्हणायचो की त्यात भूत आहे. ते काय होतं, कोणाला माहीत आहे का?

रनवे_बत्तीस

ते बोईंग ७२० होतं भाऊ. एका खाजगी कंपनीचं. जुलै १९९१ मध्ये बिघाड झाला म्हणून नागपूरला इमर्जन्सी लँडिंग केलं आणि जे उभं राहिलं ते उभंच. कंपनीचा पत्ता नाही, पार्किंगचं भाडं चढत चाललेलं, विमान धावपट्टीपासून शंभर मीटरच्याही आत. इतकं जवळ कोणतीच वस्तू असायला नको, पण हलवायचं कोणी आणि खर्च कोणाचा यावर कागद फिरत राहिले. २०१५ च्या सप्टेंबरात शेवटी ओढून फ्लाईंग क्लबच्या बाजूला नेलं. २४ वर्षं! त्या काळात देशात किती एअरलाइन्स निघाल्या आणि बुडाल्या, हे आपलं तिथंच.

म्हणजे उतरणाऱ्या विमानातल्या पॅसेंजरांना खिडकीतून नागपूरचं पहिलं दर्शन काय, तर एक सडलेलं विमान 😂

तर्रीबाज

नागपुरात एकदा आलेला माणूस जात नाही म्हणतात ते हेच काय बे

धरमपेठी

फ्लाईंग क्लबचं नाव निघालं म्हणून. नागपूर फ्लाईंग क्लब १९४७ चा आहे, मधे बरीच वर्षं बंद पडून होता. एके काळी धरमपेठेतल्या, सिव्हिल लाईन्सच्या पोरांना पायलट व्हायचं तर तिथूनच सुरुवात. आणि एअरफोर्सला विसरू नका, मेंटेनन्स कमांडचं हेडक्वार्टर वायुसेनानगरला आहे, आणि सोनेगावला एअरफोर्सचा वेगळा भाग आहे. ते मोठं रशियन आयएल-७६ यायचं, गजराज, तेव्हा खामल्यापर्यंत खिडक्या वाजायच्या. आमच्या वडिलांना आवाजावरून कळायचं कोणतं विमान आहे ते.

मिहान_ते_मनीषनगर

आता मी येतो वर्तमानात, कारण मी मिहानमधेच आयटीत आहे आणि रोज हे बघून राहिलो.

मिहान म्हणजे काय होतं मूळ? कार्गो हब. कागदावर मोठं सुंदर, रेल्वे, रस्ता, विमान सगळं एका जागी, देशाच्या मध्यभागी माल उतरवा आणि चारी दिशांना पाठवा. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी काढली, चार हजार हेक्टरच्या वर जागा, एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) वेगळं. २००८ मध्ये १४ एप्रिलला नवी टर्मिनल बिल्डिंग सुरू झाली, एअरोब्रिज आले, त्याच्या आधी पायऱ्या उतरून चालत यावं लागायचं, मे महिन्यात ते डांबर कसं तापायचं ते ज्याला आठवते त्याला आठवते. २००९ मध्ये विमानतळ एअरपोर्ट अथॉरिटीकडून मिहान इंडिया लिमिटेडकडे गेलं, त्यात ५१ टक्के राज्याच्या कंपनीचे आणि ४९ अथॉरिटीचे.

मग आलं काय? कार्गो हब तर आला नाही. आले टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, एम्स. विमानाशी संबंधित म्हणाल तर दोन गोष्टी धड झाल्या. एक, एअर इंडियाचा एमआरओ. एअर इंडियानं बोईंगला ६८ विमानांची ऑर्डर दिली होती, त्याच्या बदल्यात बोईंगनं भारतात दहा कोटी डॉलरच्या आसपास खर्चून विमान दुरुस्तीचा कारखाना बांधून द्यायचा होता, प्रफुल्लभाई पटेल तेव्हा हवाई मंत्री, गोंदियाचा माणूस, तो कारखाना नागपूरला आला. २०१५ मध्ये सुरू झाला. आता तिथं मोठमोठी विमानं दुरुस्तीला येतात. दुसरी, दसॉल्ट आणि रिलायन्सचा कारखाना, २०१७ मध्ये पायाभरणी झाली, फाल्कन २००० विमानाचे भाग बनतात, आणि २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की पूर्ण फाल्कन २००० जेट नागपुरातच जोडणार, पहिलं २०२८ पर्यंत.

म्हणून जे म्हणतात मिहान फेल गेलं, ते पूर्ण बरोबर नाही. ज्यासाठी काढलं ते झालं नाही, दुसरंच काहीतरी झालं.

सोनेगावकर

@मिहान_ते_मनीषनगर, हेच! तुम्ही माझ्याच मुद्द्यावर आले. आता गंमत ऐका. अमेरिकेत फेडेक्सनं १७ एप्रिल १९७३ ला मेम्फिसहून काम सुरू केलं. पद्धत काय, तर सगळीकडून विमानं रात्री मेम्फिसला येणार, पार्सलं बदलणार, सकाळपर्यंत परत. आणि आपली नागपूरची रात्रीची डाक बंद कधी झाली? ऑक्टोबर १९७३. त्यांनी सुरू केलं त्याच वर्षी आपण बंद केलं, आणि तीस वर्षांनी मिहानच्या नावानं तेच स्वप्न परत पाहायला लागलो, जणू काही नवीनच सुचलं.

तर्रीबाज

म्हणजे त्या अमेरिकनानं आपली आयडिया ढापली म्हणा ना राजेहो 😎 केस टाका

सोनेगावकर

नाही रे, ढापली वगैरे काही नाही, त्याची कंपनी त्याच्या डोक्यातून आली. मध्ये जमा करून वाटप करणं हे पोस्ट आणि रेल्वेवाले आधीपासून करतच होते.

धरमपेठी

सोनेगावकर, तुमचा मुद्दा ऐकायला छान आहे पण अर्धवट आहे. १९७३ ला डाक बंद झाली कारण तिची गरज संपत आली होती. कॅरावेल जेट ६४ मध्ये आली, सत्तरच्या सुमारास बोईंग ७३७ आली. दिल्लीहून मद्रासला थेट जेट जात असेल तर थैली नागपूरला कशाला उतरवायची? डाकोटा एका दमात एवढं लांब जात नव्हतं, म्हणून नागपूर लागत होतं. विमान सुधारलं, नागपूर मधून गळालं. हेच मिहानचं झालं. आज मुंबई, दिल्ली, बंगळुरूला थेट मोठी विमानं उतरतात, पॅसेंजर विमानाच्या पोटात माल जातो, मग मध्यभागी कोण उतरवेल? नकाशावर मध्ये असणं याचा भाव विमानाच्या टप्प्यावर ठरतो, देशाचा मध्य दाखवणाऱ्या आपल्या झिरो माईलच्या दगडावर नाही.

आणि फेडेक्सचं म्हणाल तर त्यांच्याकडे स्वतःची विमानं, स्वतःचं सॉर्टिंग, स्वतःच्या गाड्या, आणि रातोरात पोचवण्यासाठी भरपूर पैसे मोजणारा गिऱ्हाईक. आपल्याकडे किडवाईंनी जादा पैसे न घेता पोचवलं, ती लोकसेवा होती, धंदा नव्हता.

टपालकाका

धरमपेठी यांच्याशी मी ८० टक्के सहमत. उरलेल्या २० टक्क्यांसाठी एवढंच की जेव्हा सेवा चालली तेव्हा तिच्यामागे एकाच खात्याचा हुकूम होता. माल कोणाचा, विमान कोणाचं, वेळ कोणती, सगळं ठरलेलं. मिहानमध्ये जागा आधी घेतली आणि माल कोण देणार हे नंतर बघू म्हटलं. थैल्या तयार असल्या तर विमान येतं. विमानाला जागा करून ठेवली म्हणून थैल्या येत नाहीत.

शिवणगावचा_पोट्टा

जागेचा विषय निघालाच तर आमचंही ऐकून घ्या. तुम्ही सगळे हब हब करून राहिले, ती जागा कोणाची होती? शिवणगाव, जयताळा, भामटी, चिंचभुवन, खापरी, कलकुही, दहेगाव, तेल्हारा. आमचं वावर होतं, संत्र्याचं नाही, साधं सोयाबीन-कापूस, पण होतं. दुसऱ्या धावपट्टीच्या नावानं नोटीस आली तेव्हा मी शाळेत होतो, आता माझा पोरगा शाळेत आहे आणि दुसरी धावपट्टी अजून कागदावर. घर बांधावं तर परवानगी नाही, विकावं तर घेणारा नाही, पुनर्वसनाचा प्लॉट मिळाला तर तिथं नाली नाही. ज्या ऑफिसात जावं तिथला साहेब म्हणते फाईल दुसऱ्या ऑफिसात आहे. मोबदला कोणत्या वर्षाच्या दरानं यावर भांडता भांडता म्हातारे मरून गेले.

मी विकासाच्या विरोधात नाही. आमच्या गावचे दहा-वीस पोट्टे एअरपोर्टवर लोडर, सिक्युरिटी, हाऊसकीपिंगला लागले, चांगलं आहे. पण जमीन देणाऱ्याच्या पोरानं त्याच जमिनीवर बाहेरच्यांच्या बॅगा उचलायच्या, यावर कोणी धागा काढत नाही.

वर्धा_रोडवाला

खरं आहे दादा. दुसरी धावपट्टी चार हजार मीटरची होणार असं ऐकून ऐकून आमचेही केस पांढरे झाले.

रनवे_बत्तीस

दुसरी धावपट्टी का पाहिजे यावर थोडं लिहितो, मग ज्यांना कंटाळा येईल त्यांनी स्क्रोल करा.

आत्ताची धावपट्टी १४/३२, म्हणजे आग्नेय-वायव्य, लांबी ३,२०० मीटर. समुद्रसपाटीपासून उंची ३१५ मीटर. कागदावर भरपूर आहे. पण आपला मे महिना! ४५-४६ डिग्रीला हवा पातळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनचा जोर कमी पडतो, मग तेच विमान तेवढंच वजन घेऊन उडवायला जास्त लांब पळावं लागतं. ए३२० किंवा ७३७ ला काही त्रास नाही. पण मोठं विमान, पोटात पूर्ण इंधन आणि माल भरून थेट लांबच्या देशात जायचं म्हटलं तर दुपारी वजन कमी करावं लागते. कार्गो हबवाल्याला वजन कमी करा म्हणणं म्हणजे हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक कमी करा म्हणण्यासारखं आहे. म्हणून ४,००० मीटरची मागणी, आणि म्हणूनच कार्गोवाले जगभर रात्री उडणं पसंत करतात. रात्रीची डाक रात्री होती यात थंड हवेचाही फायदा होताच.

दुसरं कारण, एकच धावपट्टी असली की दुरुस्ती आली की हाल. मागे रिकार्पेटिंग, म्हणजे धावपट्टीवर नवा थर टाकायचं काम काढलं तेव्हा दिवसा धावपट्टी बंद, फ्लाईट सगळ्या पहाटे आणि संध्याकाळनंतर ढकललेल्या, काम रेंगाळलं, शेवटी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला विचारावं लागलं की बाबा कधी होणार. सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्या वकील-व्यापाऱ्यांनी त्या काळात काय काय बोललं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि एक गोष्ट जी पेपरात येते पण तिचा कोणी विचार करत नाही. मध्यभागी असण्याचा फायदा आजही आहे, फक्त तो पैशात मोजता येत नाही. आखाताकडून बांगलादेश, थायलंडकडे जाणारी विमानं आपल्या डोक्यावरून जातात. कोणाला हार्ट अटॅक आला, धूर निघाला, की नागपूरला उतरवा. ऑगस्ट २०२१ मध्ये मस्कतहून ढाक्याला जाणाऱ्या, बांगलादेशच्या बिमान कंपनीच्या विमानात खुद्द कॅप्टनलाच हार्ट अटॅक आला, को-पायलटनं विमान नागपूरला उतरवलं, सगळे पॅसेंजर सुखरूप, कॅप्टन मात्र दोन-तीन दिवसांनी इथल्याच हॉस्पिटलात वारले. फेब्रुवारी २०२५ मध्ये परत बिमानचंच ढाका-दुबई विमान इथं उतरलं, शेकडो लोक रात्रभर टर्मिनलमध्ये. म्हणजे अजूनही विमानं नागपूरला येतात ती नागपूरसाठी नाहीच.

प्रज्ञा_इंदोरा

इंटरनॅशनल म्हणायला आहेतच की शारजा आणि दोहा. शिवाय हजची विमानं नागपुरातून जातात, विदर्भ, छत्तीसगड, मध्य प्रदेशातले लोक इथं येतात. माझी मैत्रीण नर्स आहे दोह्याला, कतारची फ्लाईट नागपुरातून आहे म्हणून तिच्या म्हाताऱ्या आईला मुंबईचे हाल पडत नाहीत, थेट घेऊन जाते. पण बँकॉक, सिंगापूर पाहिजे. आणि जपान, थायलंड, श्रीलंकेतले बौद्ध लोक दीक्षाभूमीला, कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहाराला येतात, त्यांना दिल्ली किंवा मुंबई फिरून यावं लागतं. यावर कोणी कंपनीशी बोलते का? दसऱ्याला तर विमान चार्टर केलं तरी भरेल.

मिहान_ते_मनीषनगर

ताई पॉइंट एकदम बरोबर. हब वगैरे सोडा, बाजूच्या पाच-दहा जिल्ह्यांतला आणि बाहेरून दीक्षाभूमीला, ताडोबाला, पेंचला येणारा माणूस थेट उतरला पाहिजे. वर्षाला तीस लाखांच्या आसपास पॅसेंजर होतात, ते काही कमी नाही.

धरमपेठी

आता ज्याची सगळे वाट बघत आहेत त्यावर येतो, प्रायव्हेटायझेशन. पक्ष मधे न आणता क्रम सांगतो, कारण व्हॉट्सॲपवर काहीही फिरत असते. जीएमआर या खाजगी कंपनीनं टेंडर भरलं, सरकारला द्यायचा महसुलातला वाटा ५.७६ टक्के, बोलणी करून तो १४.४९ पर्यंत वाढवला, मार्च २०१९ मध्ये काम दिल्याचं पत्र मिळालं, वर्षभरानं मार्च २०२० मध्ये राज्य सरकारनं ते रद्द केलं, जीएमआर हायकोर्टात गेली, ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानं रद्द करणं चुकीचं ठरवलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, मे २०२२ मध्ये तिथंही तेच, मग फेरविचार, मग क्युरेटिव्ह पिटिशन (फेरविचारानंतरची शेवटची याचिका), ती सप्टेंबर २०२४ मध्ये संपली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये करार होऊन ९ तारखेला पंतप्रधानांनी ऑनलाईन भूमिपूजन केलं, खर्च सुमारे ७,००० कोटी. पत्र मिळाल्यापासून भूमिपूजनापर्यंत साडेपाच वर्षं गेली, बरीचशी कोर्टात. एवढ्या वेळात इतर शहरांत टर्मिनल बांधून पूर्ण होतात.

माझं मत विचाराल तर खाजगी कंपनीला द्या की सरकारकडे ठेवा, कोणताही एक निर्णय २०१९ मध्ये ठाम झाला असता तरी चाललं असतं. अधांतरी ठेवलं त्यानं मारलं.

शिवणगावचा_पोट्टा

७,००० कोटीत आमच्या मोबदल्याचे किती? नुसतं विचारून राहिलो.

वर्धा_रोडवाला

पोट्ट्या तुझा प्रश्न वरच्यांना टॅग करून टाकायला पाहिजे.

मला प्रायव्हेटची एकच भीती. यूजर फी वाढेल, पार्किंग वाढेल, चहा दोनशेचा होईल. आणि गर्दीच्या वेळी ड्रॉपला थांबलो की शिट्ट्या वाजवून हाकलणं तर आजही सुरूच आहे.

तर्रीबाज

मग मेट्रोनं जा ना बे. एअरपोर्ट नावाचं स्टेशन आहे, तिकीट चहापेक्षा स्वस्त.

पुण्यात_अडकलेला

पुढच्या महिन्यात आईला घेऊन येतोय, तिच्याकडे दोन बॅगा आणि गुडघ्याचा त्रास. मेट्रो स्टेशन टर्मिनलमधेच आहे का, म्हणजे लिफ्टनं थेट खाली?

मिहान_ते_मनीषनगर

अजिबात नाही दादा, नावावर जाऊ नका. ऑरेंज लाईनचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनल आत आहे, मधलं अंतर बॅगा आणि गुडघे घेऊन चालण्यासारखं नाही. पुढं एअरपोर्ट साऊथ आणि न्यू एअरपोर्ट अशी अजून दोन स्टेशनं आहेत, तिथं चुकूनही उतरू नका, ती नव्या टर्मिनलच्या भरवशावर नावं ठेवलेली आहेत. एकटे असाल तर एअरपोर्ट स्टेशनला उतरून ई-रिक्षा करा. आईसोबत असाल तर सरळ टर्मिनलवरूनच कॅब घ्या, आणि कॅबवाला वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून नेतो का खालून हे आधी विचारून घ्या, कारण सोमलवाडा किंवा छत्रपती चौकाच्या बाजूला उतरायचं असेल तर वरून गेलात की सरळ पुढं अजनीकडे निघून जाल.